झोन चौदाची पहिली पाळी

१ जानेवारी १९९४, शनिवार

नवं वर्ष. संकल्प करायला हरकत नाही. शेव बंद. ऑफिसात ओरडायचं नाही, नुसतं रोखून बघायचं. ‘इंदूर विभाग वाहतूक आराखडा २०११’ मार्चअखेर पूर्ण करायचा. आणि ऑफिसला रोज टेम्पोने जायचं. आख्ख्या विभागाच्या वाहतुकीचा डेटा ज्याच्या हाताखाली, त्याने बायकोच्या लूनावर मागे बसून, डबा मांडीवर धरून जावं हे बरं दिसत नाही.

शैलजाचं म्हणणं, लूना तिची, शाळा तिची, पेट्रोल तिचं. मी नाही बसलो तर ॲव्हरेज तरी सुधारेल.

तिला कळत नाही. वाहतूक आमच्या रक्तात आहे. खापरपणजोबा होळकरांकडे रथखान्याचे दारोगा होते. त्यांनी मान हलवल्याशिवाय घोडा पाय उचलत नसे. मी डेटा व विश्लेषण शाखेचा प्रमुख. फरक काय तो घोड्यांचा.

नाश्त्याला पोहे. पोह्यांवर शेव येतेच, हे संकल्प करताना लक्षात राहिलं नव्हतं. पोह्यांवरची धरायची नाही असं ठरवलं.

३ जानेवारी, सोमवार

सुदामा नगरच्या नाक्यावर टेम्पो आला, पण आत माणसं होती. लूनाने गेलो. अलीकडच्या चौराह्यावर उतरून चालत ऑफिसात शिरलो. कोणी पाहिलं नाही.

शाखेची बैठक. हजर: मी आणि पूर्णिमा. ही आमची कॉम्प्युटरवाली. हुशार आहे, पण मराठी बोलता बोलता हिंदीत शिरते आणि परत येत नाही. गजानन, आमचा सांख्यिकी सहायक, डिसेंबरातच स्वतःची बदली करून दुसऱ्या खात्यात गेला. जाताना म्हणाला होता, साहेब, हवा बघा. मी बघितली. थंड होती.

डायरेक्टर साहेबांनी बोलावलं. चौराह्यांवर गाड्या मोजायला सरकारी माणसं मिळणार नाहीत, रोजंदारीवर घ्या म्हणाले. मग हळूच, “प्रतापजी, आपकी ब्रांच के बारे में ऊपर कुछ सोच रहे हैं.” म्हणजे जॉइंट डायरेक्टरचं पद. दुसरं काय असणार!

घरी सांगितलं. शैलजाने विचारलं, ‘कुछ’ म्हणजे काय ते विचारलंत का? काही माणसांना प्रगती दिसतच नाही.

१० जानेवारी, सोमवार

बारा माणसं मिळाली. सगळी बंद मिलमधली. त्यांचा पुढारी बाबूराव. लूम खात्यात जॉबर होता, म्हणजे साच्यांवरच्या, अर्थात मागांवरच्या, माणसांचा मुकादम. उंच, केस तेल लावून मागे, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मिलच्या गेटला कुलूप लागून दोन वर्षं झाली, तरी ही माणसं अजून पाळीप्रमाणे उठतात, असं त्याने सांगितलं. शिस्तीच्या दृष्टीने उत्तम.

ट्रेनिंगच्या सुरुवातीला प्रेरणादायी भाषण केलं. म्हटलं, मिल काही एका दिवसात बंद पडली नाही. उत्पादनाचा आलेख पाच वर्षं खाली येत होता. तुम्ही आकडे वाचले असते तर वेळीच बाहेर पडला असतात. ज्याला डेटा वाचता येतो त्याच्यावर अचानक काही कोसळत नाही.

बाबूराव म्हणाला, “बरोबर आहे साहेब. पण काय आहे ना, आपल्या घरचा माणूस आजारी असला की तो मरेल असं आपण धरतो का?”

भावनिक मुद्दा होता. पुढे गेलो.

वाहनांचे प्रकार शिकवले. शंका फार. ट्रकवर बैलगाडी लादली असेल तर ट्रक की बैलगाडी? हातठेल्यावर बिघडलेली लूना असेल तर? वरात निघाली तर घोडी धरायची का, आणि नवरदेव पायी का वाहनाने? मी निर्णय दिला: जे कळत नाही ते ‘अन्य’. सगळे खूष. दुपारच्या सरावात चौराह्यावरची एकूण एक वाहनं ‘अन्य’मध्ये आली.

२५ जानेवारी, मंगळवार

पाटनीपुऱ्याच्या चौराह्यावर प्रत्यक्ष मोजणी. सुरुवात उत्कृष्ट. थोड्या वेळाने बारा जणांनी एकदम लिहायच्या पाट्या खाली ठेवल्या आणि ‘हमारी माँगें’ सुरू. चहा, सावली, आणि लघवीला जाताना बदली माणूस. मी जागेवरच वाटाघाटी केल्या आणि त्यांचा संप मोडून काढला. तिन्ही मागण्या मान्य केल्या, पण कडक आवाजात.

बदली माणूस म्हणून मी उभा राहिलो. टेम्पो फार जवळून जातात. एकाने हॉर्न दिला, मी गटारात. बाबूरावाने हात देऊन वर काढलं. पॅन्ट त्याच्या घरी धुतली. घर मिलसमोरच्या चाळीत. वाळेपर्यंत त्याच्या पायजम्यात बसलो. त्याच्या बायकोने, आनंदीबाईंनी, कचोरी खाऊ घातली. (कचोरीतली शेव दिसत नाही.)

१ फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीची तीन पोरं आली आहेत. टाय लावतात. डायरेक्टर साहेबांनी त्यांना तात्पुरतं माझ्या केबिनमध्ये बसवलं. माझं टेबल व्हरांड्यात. परदेशात मोठमोठे अधिकारी असेच सगळ्यांच्यात बसतात म्हणे. फोनही काढून नेला. लक्ष विचलित होत नाही. वरच्या लोकांना माझ्या कामाची किती काळजी आहे ते आता दिसू लागलंय.

कबुतरांचं तेवढं बघायला हवं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

ऐतिहासिक दिवस. मॉडेल चाललं! दोनदा लाइट गेली, एकदा फ्लॉपी अडकली, पण शेवटी सन २०११मध्ये सकाळी कोण कुठून कुठे जाणार हे स्क्रीनवर आलं. शहराचे आम्ही झोन पाडलेत. झोन चौदा म्हणजे मिल.

पूर्णिमाने शंका काढली. “सर, चौदामध्ये पहिल्या पाळीला सहा हजार लोक जाताना दाखवतंय. पर मिल तो बंद है.”

मी समजावलं. आपला आधार १९८७चा घरोघरचा सर्व्हे. तेव्हा मिल चालू होती. त्यावर वाढीचा दर लावला, सहा हजार आले. मिल बंद झाल्याचं आपल्या शाखेला कोणी अधिकृतपणे कळवलेलं नाही. तसा कागद आला की बघू.

ती म्हणाली, “सर, हम तो मिल के सामने ही रहते हैं.”

हा वैयक्तिक अनुभव झाला. डेटा नव्हे.

खरी गोष्ट फक्त इथे लिहितो. झोन चौदा शून्य केला तर माझी मिल ते राजवाडा बस-मार्गिका कोसळते. आणि ती कोसळली की आराखड्यात उरतात तीन झेब्रा क्रॉसिंग आणि माझी प्रस्तावना.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजणीवाले तक्ते जमा करायला ऑफिसात आले. त्यांना कॉम्प्युटर बघायचा होता. बूट-चपला बाहेर काढून आले. मी स्वतः पडद्यावर झोन चौदा उघडून दाखवला.

बाबूरावाने बोट न टेकवता ओळ वाचली. पहिली पाळी, सहा हजार. दुसरी पाळी, साडेचार हजार. मागच्या एकाने विचारलं, “तिसरी?” तिसरीही होती. त्याने टोपी काढून हातात घेतली. तो तिसऱ्या पाळीचा होता.

डेटाचा सामान्य माणसावर असा परिणाम होतो हे मी कायम सांगत आलोय. सध्या ऐकायला कबुतरं आहेत.

बाबूराव म्हणाला, साहेब, याची एक कॉपी मिळेल का? पूर्णिमा माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होती. मी प्रिंटर सुरू करायला लावला. तिने नुसताच कागद काढून दिला, मी त्यावर सही केली आणि शाखेचा गोल शिक्का मारला. अर्धवट काम मला जमत नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

पाटनीपुऱ्यात गेलो. लोक नमस्कार करतात! चहावाल्याने चहा दिला, वर दुकानाच्या खांबाकडे हात केला. तिथे आमचा प्रिंटआउट पुठ्ठ्यावर चिकटवून, प्लास्टिकच्या पन्नीत घालून टांगलाय. खाली उदबत्ती.

एकजण म्हणाला, “भिया, साहब ने लिख के दे दिया है. ठप्पा लगा है.” दुसऱ्याने विचारलं, लूम खात्याची भरती आधी की स्पिनिंगची? मी म्हणालो, सध्या खातेनिहाय आकडे उपलब्ध नाहीत. त्यांनी समजून मान डोलावली.

वाहतूक नियोजनाविषयी जनतेत इतकी जागृती इंदुरात आजवर झाली नसेल.

२३ फेब्रुवारी, बुधवार

पूर्णिमा व्हरांड्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, आमच्या चाळीत सगळे म्हणतायत की मिल सुरू होणार. सरकारी कॉम्प्युटरने सांगितलं म्हणे.

मी म्हटलं, कागदावर स्पष्ट २०११ लिहिलंय.

ती म्हणाली, “सर, ते त्याला आदेश क्रमांक समजतायत.”

तिला म्हटलं, बाबूरावाला मी स्वतः नीट समजावून सांगेन. उद्याच.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं दुखत होतं. उद्या.

७ मार्च, सोमवार

मध्ये बरीच कामं होती. आज मुद्दाम गेलो. बाबूराव घरीच भेटला. फार आनंदात. चाळीत चुना लावण्याचं काम चाललंय. आनंदीबाईंनी चहा ठेवला.

मी सुरुवात करणार तेवढ्यात त्यानेच सांगितलं. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये नोकरी लागली होती. एक एप्रिलपासून हजर व्हायचं होतं. परवा जाऊन नाही म्हणून सांगून आला.

“आता आपलीच मिल आहे तर पीथमपूरपर्यंत कोण धक्के खात जाणार साहेब! या वयात नवीन पोरांच्या हाताखाली. इथे माझे साचे आहेत.”

मी म्हणालो, चहा छान झालाय.

आनंदीबाई म्हणाल्या, आलं जास्त पडलं का? नाही म्हटलं. मग दुसरा कप आला. एखाद्याचा चहा पीत असताना अशी गोष्ट सांगणं शिष्टाचाराला धरून नाही. लेखी कळवणं जास्त योग्य. उद्या मसुदा करतो.

८ मार्च, मंगळवार

मसुदा केला. ‘महोदय, उपरोक्त विषयांतर्गत’ इथपर्यंत फार चांगला झालाय.

१४ मार्च, सोमवार

पूर्णिमाने राजीनामा दिला. टायवाल्यांकडे चालली आहे. म्हणाली, सर, हा पूर्ण अभ्यास आता त्यांनाच मिळालाय, तुम्हीपण ऊपर बात करा. पोर भोळी आहे. बाहेरच्या लोकांना कच्चं काम देतात, डोकं आपलंच लागतं.

जाताना तिने विचारलं, “बाबूरावकाका को बताया आपने?”

प्रक्रिया सुरू आहे असं सांगितलं. ती बघत राहिली. रोखून बघण्याचा संकल्प माझा होता.

आता शाखेत मी एकटा. एकमताने निर्णय होतात.

२५ मार्च, शुक्रवार

पेपरात पहिल्या पानावर: ‘सरकारी कम्प्यूटर बोला, मिल चलेगी!’ शेजारी आमचा प्रिंटआउट. माझी सही वाचता येते. शिक्का जरा फिकट आलाय.

शैलजाने बातमी दोनदा वाचली. तिचे बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते, हे मी विसरलो होतो. तिने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही त्यांना आजच्या आज सांगून या.”

म्हटलं, होळी होऊन जाऊ दे.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. लूनाही दिली नाही. टेम्पोने गेलो. (संकल्प चौथा पूर्ण!) ऑफिसच्या फाटकाशी अडीचशे-तीनशे माणसं अर्ज घेऊन उभी. मागच्या दाराने शिरावं लागलं. तिथे डायरेक्टर साहेब उभे होते.

ते काय बोलले ते लिहीत नाही. सारांश: चार एप्रिलला मिल गेटवर सभा आहे, तिथे जाऊन सगळ्यांसमोर खुलासा करा. नाहीतर. ‘नाहीतर’नंतर ते थांबले. ‘कुछ’सारखंच.

१ एप्रिल, शुक्रवार

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो नाही, भाषणाची तयारी करत बसलो. खुलासा सकारात्मक असावा असं मत झालंय. लोकांना थेट ‘नाही’ सांगणं नियोजनाच्या भाषेत बसत नाही.

४ एप्रिल, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण पेपरवाले काहीही छापतील.

गेटसमोर टेबल मांडलं होतं. माणसं रस्त्याच्या पलीकडपर्यंत. बायकाही होत्या. मी पोचताच झेंडूचा हार घातला. हार घातल्यावर माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो. मी हिंदीतून सर्व्हेची पद्धत सांगितली, झोन म्हणजे काय ते सांगितलं, वाढीचा दर सांगितला. लोक शांतपणे ऐकत होते. मग मुख्य वाक्याशी आलो. म्हणालो, “भाइयो, ये छह हजार का आँकड़ा केवल हमारा अनुमान है.”

प्रचंड टाळ्या!

म्हणालो, “ये दो हजार ग्यारह का अनुमान है!” त्याहून मोठ्या टाळ्या. कोणीतरी ‘प्रतापराव जिंदाबाद’ म्हणालं. सगळ्यांनी उचललं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अशा वेळी कोणीही चार शब्द जास्त बोलून जातो. मी म्हणालो, “डेटा कभी झूठ नहीं बोलता!”

बाबूराव माझ्या शेजारी उभा होता. टाळ्या वाजवत नव्हता. दंडाला धरून टेबलामागे घेऊन गेला.

“साहेब, सीधं सांगा. मिल सुरू होणार आहे का नाही?”

मी म्हटलं, हे गृहीतकांवर अवलंबून आहे.

“होणार का नाही?”

“नाही.”

“मग सहा हजार कुठून आले?”

“१९८७चे आहेत.”

त्याने माझा दंड सोडला. मग विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

मी म्हटलं, माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, ते मॉडेलचं उत्तर होतं. तो म्हणाला, “त्या दिवशी माझ्या घरी बसून तुम्ही दोन कप चहा प्यालात.”

आलं जास्त नव्हतं, असं मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

तो परत टेबलाशी गेला. माइक घेतला. मी अर्धा तास बोललो होतो, तो तीन वाक्यं बोलला. “मिल बंद है. बंद ही रहेगी. कागज पुराना था.” मग मराठीत म्हणाला, “चला, घरी चला.”

मला वाटलं दगड येतील. काही आलं नाही. कोणी ओरडलंही नाही. माणसं दोनदोन-तीनतीन करून निघून गेली. तो तिसऱ्या पाळीवाला गेटच्या कुलपाकडे बघत बराच वेळ उभा होता. त्याची बायको त्याला घेऊन गेली.

बाबूरावाने माझ्या गळ्यातला हार काढून घेतला. ताजा आहे, कोपऱ्यावरच्या मारुतीला होईल म्हणाला.

पायी घरी आलो. टेम्पो होते. कोणी थांबवला नाही.

५ एप्रिल, मंगळवार

पेपरात काही छापून आलं नाही. एक ओळ नाही.

११ एप्रिल, सोमवार

ठरवलं. बाबूरावाची पीथमपूरची नोकरी मी परत मिळवून देणार. राजपत्रित अधिकारी स्वतः गेला की फरक पडतो. लेटरहेडवर शिफारसपत्र, कोट, नवीन पेन.

पीथमपूरच्या बससाठी आमच्या शाखेने ८९ साली सुचवलेल्या थांब्यावर उभा राहिलो. खांब आहे. बस नाही. ऊन चढल्यावर एका पानवाल्याने विचारलं, भिया, किसका इंतज़ार है? सांगितलं. तो म्हणाला, इथे आजवर एकही बस थांबलेली नाही, आम्ही खांबाला बकरी बांधतो. गंगवाल स्टँडवर जा.

पोचेपर्यंत दुपार झाली. कारखाना झकास. काचा, हिरवळ, आत गाणी चालू. गेटवरच्या पोराने पत्र वाचलं आणि आत फोन लावला. ती जागा भरली गेली होती. मी म्हणालो, मी संभाव्य जॉइंट डायरेक्टर आहे. तो म्हणाला, सर, रजिस्टरमध्ये आउट टाइम लिहा.

परत येऊन बाबूरावाच्या चाळीत गेलो. तो नव्हता. आनंदीबाईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. मी सांगितलं की पीथमपूरचं जवळपास झालंय, थोडा पाठपुरावा लागेल. त्या म्हणाल्या, “नका करू.”

चहाचं विचारलं नाही. साहजिक आहे, उन्हाळा आहे.

शैलजाला काय घडलं ते सगळं सांगितलं. म्हणजे बराचसा भाग. ती ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “पहिल्यांदा नीट पत्ता शोधून कुठेतरी गेलात.” वाटीत आमरस होता. म्हणजे पुन्हा बोलायला लागली.

२ मे, सोमवार

आदेश आला. डेटा व विश्लेषण शाखा बंद. सर्व काम कन्सल्टन्सीकडे. ‘श्री प्रतापराव यांनी पदस्थापनेच्या प्रतीक्षेत राहावे.’

सुरुवातीला वाटलं टायपिंगची चूक असेल. डायरेक्टर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “मैंने तो जनवरी में ही इशारा दिया था, प्रतापजी.”

टेबल आवरलं. कबुतरांनी कोपऱ्यात अंडी घातली आहेत, त्यामुळे टेबल लगेच हलवू नका असं चपराशाला सांगितलं. तो म्हणाला, टेबल शनिवारीच लिलावात गेलंय.

जिन्यात पूर्णिमा भेटली. तिला कळलं होतं. मग म्हणाली, सर, एक अच्छी बात आहे. नव्या सर्व्हेला फील्ड सुपरवायझर हवा होता, मी बाबूरावकाकांचं नाव दिलं. लागले ते. सगळे बारा जण लागले.

म्हणजे शाखा बंद झाली तरी शाखेनं तयार केलेली माणसं कामाला लागली. तिला तसं बोलून दाखवलं. ती चालेल म्हणाली.

६ जून, सोमवार

प्रतीक्षा चालू आहे. पुस्तक लिहायला घेतलंय: ‘वाहतूक नियोजन: एक दृष्टी’. अर्पणपत्रिका झाली. शेव चालू केली. ताणाच्या काळात शरीराला लागते.

५ जुलै, मंगळवार

सकाळी दारावर टकटक. बाबूराव! गळ्यात ओळखपत्र, हातात पाटी. मला वाटलं भांडायला आला. त्याने चपला काढल्या, नमस्कार केला.

“साहेब, तुमचं घर सॅम्पलमध्ये आलंय.”

बसला. घरात माणसं किती? दोन. वाहन? लूना. कोणाच्या नावावर? शैलजाने स्वयंपाकघरातून सांगितलं, माझ्या. कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय?

मी म्हटलं, “प्रमुख, डेटा व...” तो पेन धरून थांबला. घाई केली नाही. मग मीच म्हणालो, पदस्थापनेच्या प्रतीक्षेत. त्याने नोकरी, धंदा, शिक्षण, गृहिणी अशा सगळ्या चौकटींवरून पेन फिरवलं आणि ‘अन्य’वर खूण केली.

“काल घराबाहेर किती फेऱ्या झाल्या?”

मी म्हणालो, प्रश्न फार ढोबळ आहे. तो म्हणाला, “साहेब, प्रश्न तुमच्याच १९८७च्या फॉर्ममधून घेतलाय.”

शैलजाने आतूनच आपल्या सांगितल्या. शाळा, बँक, भाजी, गॅसचा नंबर, मैत्रिणीकडे. मग तो माझ्याकडे बघू लागला. मी काल आठवून पाहिला. परवाही आठवून पाहिला.

“एक,” मी म्हणालो. “सकाळी दूध आणायला.”

आत पोळी लाटण्याचा आवाज थांबला.

बाबूरावाने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं, हे मला कळलं. “लिहितो साहेब,” म्हणाला. “शून्य लिहायला मला पण बरं नाही वाटत.” आणि एक लिहिलं.

सही करायला फॉर्म पुढे केला. मी केली. शिक्का नव्हता.

शैलजाने चहा आणला. तो प्यायला. पूर्ण कप. जाताना वहिनी, चहा मस्त झाला, असं म्हणाला. मला काही बोलला नाही, पण चपला घालताना खांद्याला हात लावून तोल सावरला. भिंत जवळ होती तरी.

मात्र माझ्या घरातून चुकीचा डेटा गेला, हे मला चैन पडू देईना. उपाय सापडला. उद्यापासून दूध मी आणणार. म्हणजे आकडा दोन दिवस उशिरा का होईना, खरा ठरेल. डेअरी कुठे आहे ते शैलजाला विचारून घेतलं. पिशवी दाराला अडकवून ठेवली.

६ जुलै, बुधवार

उठलो तेव्हा शैलजा शाळेत गेली होती. दूध तापून, निवून, साय धरून बसलं होतं.